एका चादरीला एक पान

ज्या कुणी आमच्या वसाहतीला 'जुळे सोलापूर' हे नाव दिलं, त्याच्या घरात जुळी मुलं नसणार. असती, तर एकाला हाक मारली की दोघंही वळून बघतात आणि काम सांगायचं असलं की दोघंही बघत नाहीत, हा साधा अनुभव त्याच्या गाठीशी असता. विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या मधे पसरलेलं हे आमचं गाव मूळच्या सोलापूरचं जुळं भावंड म्हणवतं खरं. पण जुळ्यांत काही मिनिटांचं अंतर असतं, इथं ते काही शतकांचं आहे. थोरल्याच्या वाट्याला सिद्धेश्वराचं देऊळ, भुईकोट किल्ला आणि गड्ड्याची जत्रा. धाकट्याच्या वाट्याला मंगल कार्यालयं, क्लासेस आणि शेंगाचटणीची दुकानं. वाटण्यांचा नेहमीचाच न्याय.

त्यात घरांची नावं. आमच्या एका गल्लीत तीन 'मातोश्री' आहेत, दोन 'सिद्धेश्वर कृपा' आहेत आणि समोरासमोर दोन 'साई-सदन' आहेत, ज्यांचं एकमेकांशी बोलणं नाही. पाटी नाही असं घर नाही, आणि पाटी संगमरवरी नाही असंही घर नाही. तरी कुरियरचा पोरगा रोज गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून फोन लावतो, "काका, मातोश्री म्हणजे कुठलं मातोश्री?" यावर आमच्याकडचं ठरलेलं उत्तर "पाण्याच्या टाकीपास्नं सरळ या" असं असतं. टाकी कुठली, हे विचारायचं त्याला सुचेपर्यंत फोन बंद झालेला असतो.

वस्तू असणं वेगळं, वस्तूला नाव असणं वेगळं, आणि त्या नावानं ती परक्या माणसाला सापडणं हे त्याहून वेगळं. या पायऱ्या चढता चढता माणूसजात बरीच धापा टाकत आलेली आहे. तो इतिहास इथं सांगायचं कारण आमच्या शेजारच्या अण्णांचं चादरीचं दुकान.

अण्णा म्हणजे पूर्व भागातले मूळचे विणकर. घरात तेलुगू, दुकानात मराठी, ट्रकवाल्याशी हिंदी आणि विजापूरकडून आलेल्या गिऱ्हाइकाशी कानडी, अशा चार भाषा ते एका दमात बोलतात. दुसऱ्या एखाद्या गावात अशा माणसाचा सत्कार झाला असता. सोलापुरात त्याला नुसता धंदा म्हणतात. वडिलांचे चार यंत्रमाग होते, अण्णांनी त्याचे बारा केले आणि मुलगा पुण्याला संगणकाच्या कंपनीत गेला तेव्हा ते परत चार झाले. दुकान जुन्या सोलापुरात, राहणं इकडे. पूर्वी दुकानात चढणारे जास्त आणि दुकानावरून नुसते जाणारे कमी असत. आता ते प्रमाण उलटलं आहे. उरलेले चार माग विकून टाकावेत आणि मुलाकडे पुण्याला जाऊन नातवाला शाळेत सोडायचं काम पत्करावं, असं घरात उघड बोललं जात होतं. अण्णांच्या मनात ते नव्हतं. पण मनात नसलेल्या गोष्टी घरात बहुमतानं होतात.

माझा एक भाचा आहे. तो 'ऑनलाइन' या एका शब्दावर उदरनिर्वाह करतो. त्यानं अण्णांना इंटरनेटवर दुकान काढून दिलं. त्या पहिल्या दुकानाला पान एकच. वर अण्णांचा फोटो, खाली 'आमची उत्पादने' हे शब्द आणि त्याखाली बेचाळीस चादरींची चित्रं, पासपोर्टच्या फोटोएवढी. वर्षभरात त्या पानावर जे कुणी येऊन गेले ते अण्णांचे व्याही, अण्णांचे मेव्हणे आणि मुलाचे मित्र. ऑर्डर एक आली, ती व्याह्यांची. तीही उधार.

मग एका रविवारी भाचा पोहे खाता खाता म्हणाला, "अण्णा, दर चादरीला स्वतंत्र पान पाहिजे. बेचाळीस चादरी, बेचाळीस पानं. मजकूर मामा लिहितील."

"बेचाळीस पानं कशाला बे?" अण्णा म्हणाले. "दुकान एक आहे की. गिऱ्हाईक आत आलं की मी दाखवतो की सगळं."

"आत आलं तर ना," भाचा म्हणाला.

अण्णांचं म्हणणं इतिहासाला सोडून नव्हतं, हे मला त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. दुकान म्हणजे दुकानदाराचं डोकं, ही व्यवस्था शतकानुशतकं चालत आली. चाटी गल्लीत पांढऱ्या गादीवर बसलेला कापडवाला गिऱ्हाइकाला कधी वस्तूचं नाव विचारत नसे. बाईंनी "गेल्या दिवाळीला धाकट्या जावेला नेलं होतं तसलं, पण जरा गडद" एवढंच म्हणायचं. तो मागं न बघता हात वर करून नेमका तोच गठ्ठा ओढायचा. त्याच्या डोक्यात मालाची यादी होती, गिऱ्हाइकांची यादी होती आणि दोन्ही जावांच्या आवडीनिवडीही होत्या. ही पद्धत निर्दोष होती. तिच्यात अडचण एकच, ती ओळखीच्या गिऱ्हाइकालाच लागू पडे. परका माणूस पायरीशी उभा राहिला की तो त्या डोक्यात शिरणार कसा?

परक्या गिऱ्हाइकाचा हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पडला तो मँचेस्टरच्या कापडवाल्यांना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचं कापड बोटी भरभरून आपल्याकडे यायचं. विकणारा साहेब लँकेशायरमधे, घेणारी मंडळी खेड्यातली, आणि मधे ना ओळख ना भाषा. साहेबानं तोडगा काढला तो असा, की ठाणावर रंगीत चित्र चिकटवायचं. कुणाचा वाघ, कुणाचा हत्ती, कुणाची लक्ष्मी. गिऱ्हाइकाला इंग्रजी येवो न येवो, वाघ ओळखू येतोच. वाघछाप कापड धुण्यात टिकलं तर पुढच्या वर्षी बाजारात तोच वाघ शोधायचा. लगेच नकली वाघही निघाले, आणि खोट्या छापांना आळा घालायला १८८९ साली सरकारला कायदा करावा लागला. आमच्या सोलापुरात तोवर, १८७७ साली, जुनी गिरणी सुरू झालेली होती. (ती तेव्हा नवी होती, 'जुनी' हे नाव तिला मागून आलं. सोलापूरकर नाव ठेवताना वेळ लावतात, पण ठेवलं की बदलत नाहीत.)

पण चित्र झालं तरी ठाणावरच चिकटलेलं. ठाण बघायला बाजारात जावंच लागे. गिऱ्हाइकाला घरबसल्या वस्तू दाखवायची युक्ती मोठ्या प्रमाणावर चालवली ती अमेरिकेतल्या शिकागोच्या अ‍ॅरन माँटगोमेरी वॉर्ड या फिरत्या विक्रेत्यानं. १८७२ साली त्यानं एका कागदावर १६३ वस्तूंची नावं आणि किमती छापल्या आणि तो कागद शेतकऱ्यांना टपालानं पाठवला. एक कागद, १६३ वस्तू. म्हणजे आमच्या भाच्यानं अण्णांना जे पहिलं पान करून दिलं होतं, तेच. वॉर्डला मात्र लवकरच कळलं, की नुसतं 'कंदील' म्हणून भागत नाही. तीस मैलांवरच्या शेतकऱ्याला कंदिलाची उंची पाहिजे, काचेचा प्रकार पाहिजे, तेल किती लागतं तेही पाहिजे. मग चित्रं आली, वर्णनं आली, आणि १८८३ पर्यंत त्या एका कागदाची २४० पानं आणि दहा हजार वस्तू झाल्या. पाठोपाठ सिअर्स कंपनीनं त्याहून जाडजूड पोथी काढली. सिअर्सनं ती मोठी पोथी १९९३ साली बंद केली. पुढच्याच वर्षी अ‍ॅमेझॉन कंपनी स्थापन झाली आणि १९९५ साली तिनं इंटरनेटवर दुकान उघडलं. पुस्तकांचं दुकान, तिथं पुस्तकाला स्वतःचं पान होतं. इतिहास कधीकधी असा दिवस साधतो की त्याला पंचांग कोण बघून देतं, असं वाटतं.

पुस्तकांपासूनच सुरुवात व्हावी यात मला मुळीच नवल वाटलं नाही. माझं सगळं आयुष्य एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलं, आणि भाचा ज्याला नवीन तंत्र म्हणतो ते आम्ही लाकडी खणांत ठेवत होतो. एका पुस्तकाला एक कार्ड! पूर्वी ग्रंथालयाची यादी एका जाड वहीत असे. नवं पुस्तक आलं की ते वहीच्या शेवटी. त्यामुळे ज्ञानेश्वरी पान तीनवर, तिच्यावरची टीका पान सत्तरवर, आणि दोहोंच्या मधे कोंबड्यांचे रोग. सुट्या कार्डाची युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली ती फ्रेंच क्रांतिकारकांनी. त्यांनी चर्चची आणि सरदारांची ग्रंथालयं जप्त केली आणि १७९१ साली त्या पुस्तकांची सरकारी नोंद करायचं काढलं. नोंदी कशावर करायच्या? तर पत्त्यांवर. म्हणजे खेळायच्या पत्त्यांवर! त्या काळी पत्त्यांची पाठ कोरी असे. बदामची राणी उलटी करायची आणि तिच्या पाठीवर एखाद्या धर्मग्रंथाचं नाव लिहायचं. एका पत्त्यावर एक पुस्तक, की झाली नोंद. क्रांती काय किंवा ग्रंथालयशास्त्र काय, हाताशी असेल त्यावर भागवावं लागतं.

आपल्याकडे सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणून ही विद्या रुजवली. आणि मराठी पुस्तकांपुरतं म्हणाल, तर शंकर गणेश दाते या गृहस्थांनी १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा खंड १९६१ साली. हे काम एखाद्या मंडळाचं किंवा खात्याचं वाटतं. ते एका माणसाचं आहे. ग्रंथालयात असताना मी ती सूची इतक्या वेळा उघडली आहे, की स्वप्नातही मला नोंदी दिसत. त्या सूचीत ज्ञानकोशालाही एक नोंद आणि कुण्या सोम्यागोम्याच्या चोपड्यालाही एक नोंद. चोपड्याच्या सगळ्या प्रती एव्हाना वाळवीनं खाल्लेल्या असतील; नोंद आहे म्हणून ते होऊन गेलं, एवढं तरी कळतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, ती पुढं लागणार आहे.

आता इंटरनेट. तिथंही आधी अण्णांचीच पद्धत होती, हे मला भाच्यानं सांगितलं तेव्हा मी अण्णांना मुद्दाम हाक मारून ऐकवलं. १९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी 'याहू' काढलं. ते म्हणजे एक भलीमोठी यादी होती, माणसांनी हातानं लावलेली. यादीत नोंद व्हायची ती बहुधा अख्ख्या दुकानाची. कपडे, मग अंथरूण-पांघरूण, मग अमुक दुकान. पुढं शोधणाऱ्यानं दुकानात शिरून बघून घ्यावं. त्या राज्यात एक पान पुरत होतं. पण १९९५ अखेर 'अल्टाव्हिस्टा' आलं आणि १९९८ साली, पुन्हा स्टॅनफर्डमधल्याच दोघा विद्यार्थ्यांचं, 'गूगल' आलं. (या विद्यापीठात जोडीनंच प्रवेश देतात की काय, कोण जाणे.) या नव्या यंत्रांना दुकान समजतच नाही. त्यांना समजतं फक्त पान. एकेक पान उघडायचं, त्यावरची अक्षरं वाचायची, कोण कुणाकडे बोट दाखवतंय ते मोजायचं आणि पुढं जायचं. कुणी 'जांभळी सोलापुरी चादर डबल बेड' असं विचारलं, की यंत्र दुकानं शोधत नाही; त्याच विषयावरचं पान शोधतं. आणि अण्णांच्या पानाचा विषय काय? बेचाळीस चादरी, सात प्रकारचे टॉवेल, अण्णांचा फोटो आणि 'एक वेळ अवश्य भेट द्या'. असं पान कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नसतं. याहूची ती जुनी यादी २०१४ अखेर बंद पडली. बंद पडल्याचं पुष्कळांना कळलंही नाही.

एवढं ऐकूनही अण्णा "हां हां" म्हणत राहिले. आमच्याकडं "हां हां" म्हणजे नाही. शेवटी मी त्यांना त्यांच्याच मागावर गाठलं.

सोलापुरी चादर विणतात जॅकार्डवर. जॅकार्ड म्हणजे मागाच्या डोक्यावर बसवलेलं यंत्र. जोसेफ जॅकार्ड या फ्रेंच माणसानं ते १८०४ च्या सुमारास सिद्ध केलं. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात, मग ती पुठ्ठ्यांवर भोकं पाडून उतरवतात. आडव्या धाग्याच्या एकेका फेरीला एकेक पुठ्ठा. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. शेकडो पुठ्ठे दोऱ्यानं एकमेकांना बांधून त्यांची माळ मागावर फिरत राहते आणि खाली चादरीवर मोर उमटतो. वरच्या बाजूला जांभळ्यावर पांढरा, उलट्या बाजूला पांढऱ्यावर जांभळा. ह्याच पुठ्ठ्यांची कल्पना इंग्लंडात बॅबेजनं आपल्या गणकयंत्रासाठी उचलली. पुढं अमेरिकेत १८९० च्या खानेसुमारीत होलेरिथनं माणसामागे एक पुठ्ठा करून अख्खा देश मोजला, आणि ते करता करता आजचा संगणक झाला. म्हणजे ज्या यंत्रापायी अण्णांचा मुलगा पुण्याला गेला, त्याचा पणजोबा अण्णांच्या कारखान्यात अजून खडखडत होता.

मी विचारलं, "अण्णा, अख्ख्या मोराची भोकं एकाच पुठ्ठ्यावर पाडली तर?"

"असं कसं हुईल? सगळेच धागे वर उचलतील. मोर कुठला, नुसतं आडवंतिडवं हुईल."

"मग बेचाळीस चादरी एका पानावर घातल्या तर?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पानं करा," म्हणाले.

त्या दिवसापासून मी पंचेचाळीस वर्षांचं वाचन पणाला लावून चादरींची वर्णनं लिहायला बसलो. पहिल्या चादरीवर मी दीड पान लिहिलं होतं. त्यात थंडीची चाहूल होती, आजीच्या पदराची ऊब होती, चांदण्याचाही उल्लेख होता. भाच्यानं वाचलं आणि विचारलं, "मामा, लांबी-रुंदी कुठाय?" त्याच्या मते मजकूर म्हणजे प्रश्नांची उत्तरं. ६० बाय ९० आहे का मोठी? निव्वळ सुती आहे का? रंग जातो का? धुतल्यावर आटते का? हॉस्टेलवरच्या पोराला चालेल का? चादर असंही लिहा आणि चद्दर असंही लिहा, कारण लोक दोन्ही म्हणतात. पानाचं शीर्षक त्या चादरीचंच पाहिजे, पानाचा पत्ताही वाचता येईल असा पाहिजे, आणि चित्रात काय आहे ते शब्दांत लिहिलं पाहिजे, म्हणजे यंत्रालाही ते कळायला सोपं जातं. शिवाय पानाला आत यायला वाट पाहिजे. दुकानाच्या दर्शनी पानावरनं चादरींकडे, चादरींवरनं डबल बेडकडे, तिथनं या चादरीकडे. वाट नसलेलं पान म्हणजे गल्ली नसलेलं घर. संगमरवरी पाटी असून उपयोग नाही. चांदणं त्यानं ठेवलं, पण सर्वांत खाली.

ही उत्तरं अण्णांना तोंडपाठ होती. लिहिलेली कुठंच नव्हती. आम्ही रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचो. अण्णा चादर मांडीवर घ्यायचे, कडेचा धागा चिमटीत धरून बोलायला लागायचे, मी लिहून घ्यायचो. कुठलं सूत, कुठला रंग, ही नक्षी पहिल्यांदा कुणी काढली, हिला कारखान्यात काय म्हणायचे. आमच्या सौ. चहा घेऊन यायच्या आणि तासभर तिथंच उभ्या राहायच्या. बेचाळीस चादरींपैकी नऊ चादरींची नावं अण्णांनी गेल्या वीस वर्षांत तोंडानं उच्चारली नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं.

या पानांच्या प्रकरणात अतिरेकही झाले, तेही सांगायला हवं. पान केलं की गिऱ्हाईक येतं, हे कळल्यावर काही दुकानदारांनी पानांचा कारखानाच काढला. 'बार्शीत चादर', 'पंढरपुरात चादर', 'अक्कलकोटात चादर' अशी शेकडो पानं, आतला मजकूर शब्दशः तोच, गावाचं नाव तेवढं वेगळं. निवडणुकीतलं भाषण जसं. श्रोते ते चालवून घेतात. गूगलनं घेतलं नाही. २०११ च्या फेब्रुवारीत त्यानं असल्या पोकळ पानांना यादीत मागं ढकलायची व्यवस्था केली, आणि तिला नाव दिलं 'पांडा'. कारखानदाराकडून आलेलं वर्णन जसंच्या तसं चिकटवणारेही पस्तावले, कारण तेच वर्णन आणखी दोनशे दुकानांनी चिकटवलेलं असे.

आणि जुळ्यांची भानगड इथंही आहेच. तीच चादर पाच रंगांत असली तर पान एक का पाच? भाच्याचा नियम असा, की लोक रंग घालून शोधत असतील तरच वेगळं पान. नाहीतर एकाच पानावर पाच रंगांच्या टिकल्या. आणि पानं जुळी झालीच, तर त्यातलं मुख्य कुठलं, हे यंत्राला दिसेल अशी खूण आत करून ठेवायची. ही सोय २००९ साली गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून मान्य केली. एकमेकांचे गळे धरणारे तीन व्यापारी जुळ्यांच्या प्रश्नावर एकत्र आले. आमच्या गल्लीतल्या तीन 'मातोश्रीं'ना हे जमलेलं नाही.

'सोलापुरी चादर' हे नाव मात्र पाटीपुरतं राहू नये, यासाठी सोलापूरकरांनी फार पूर्वीच धडपड केली होती. भौगोलिक मानांकनाचा कायदा २००३ साली अमलात आला आणि त्यानंतर दोनतीन वर्षांतच सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल यांना ते मानांकन मिळालं. तरी बाजारात सोलापुरी म्हणून विकली जाणारी चादर सोलापूरचीच असेल, असं नाही. पुष्कळ माल पानिपतच्या मागांवरून उतरतो, अशी इथल्या कारखानदारांची तक्रार आहे. मराठी माणसाचं पानिपत १७६१ साली एकदा झालं. सोलापूरच्या विणकराचं दर हंगामात होतं. कायद्यानं नाव राखलं जातं, पण स्वस्तातली नक्कल हातात घेतलेल्या परक्या गिऱ्हाइकाला फरक सांगणार कोण? तो सांगायला पान लागतं. अण्णांनी आमच्या तिसऱ्या पानावर एक वाक्य घालायला लावलं : 'चादर उलटी करून पाहा, मागच्या बाजूलाही नक्षी तितकीच स्वच्छ दिसली पाहिजे.' माझ्या चांदण्यापेक्षा या वाक्यानं जास्त चादरी विकल्या, असं भाचा म्हणतो. मी ते मनाला लावून घेत नाही.

बेचाळीस पानं पुरी व्हायला सात महिने लागले. त्यानंतर पहिले तीन महिने काहीच घडलं नाही. यंत्राला पान सापडायला, वाचायला आणि त्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. स्थळ बघायला आलेल्या मंडळींसारखं, "कळवतो" म्हणून ते निघून जातं. चौथ्या महिन्यात नाशिकहून एका अनोळखी माणसानं दोन चादरी मागवल्या. अण्णांनी त्याचं आडनाव तीनतीनदा वाचून घेतलं, सगळ्या नात्यांत शोधलं, आणि तो खरोखरच कुणाचा कुणी नाही याची खात्री पटल्यावर पेढे आणले. आज काही अण्णांचे चाराचे बारा माग झालेले नाहीत. पण ते चारही चालू आहेत, आणि पुण्याला जाण्याचा विषय घरात दिवाळीपुरता निघतो.

राहता राहिली 'जोडमोर'. समोरासमोर दोन मोर आणि मधे कुंडी, अशी ही जुनी चादर. तिचं पान आम्ही केलं तेव्हा अण्णांकडे दोनच नग शिल्लक होते. ती विणणारा म्हातारा वारला होता आणि तिच्या पुठ्ठ्यांची माळ एका पावसाळ्यात भिजून रद्दीत गेली होती. दोन्ही नग विकले गेले तेव्हा अण्णा म्हणाले, "आता हिचं पान काढून टाका. नाही तो माल दाखवायचा म्हणजे फसवणूक आहे." भाचा म्हणाला, पान काढायचं नाही, वर 'सध्या उपलब्ध नाही' असं स्वच्छ लिहायचं आणि खाली तिच्या जवळच्या चार चादरींकडे वाट काढून द्यायची. पान एकदा पुसलं की त्या पत्त्यावर येणारा माणूस रिकाम्या भिंतीवर आपटतो. मला दात्यांच्या सूचीतली ती वाळवीनं खाल्लेली चोपडी आठवली आणि मी भाच्याच्या बाजूनं मत दिलं.

आता गंमत अशी, की बेचाळीस पानांत सगळ्यांत जास्त माणसं येतात ती 'जोडमोर'च्या पानावर. त्या चादरीबद्दल दुसऱ्या कुणी काही लिहिलेलंच दिसत नाही, तेव्हा यंत्र तरी कुणाला कुठं पाठवणार? कुणी लिहितं, आमच्या आजीच्या पेटीत होती. बेळगावच्या एका बाईंनी निम्म्या विरलेल्या चादरीचा फोटो पाठवला आणि विचारलं, हिचीच आहे का बघा. भाच्यानं पानाच्या तळाशी एक चौकट करून ठेवली आहे : 'पुन्हा विणली तर कळवा.' लोक तिथं आपला पत्ता ठेवून जातात.

परवा बेळगावचा तो फोटो मोठा करून अण्णांनी दुकानात लावला. चौकटीच्या कागदावर तो उतरवून देईल असा एक जुना नक्षीवाला त्यांनी अक्कलकोट रस्त्यावर शोधून काढला आहे. पुठ्ठे नव्यानं पाडायचे म्हणजे खर्च आहे; पन्नास तरी गिऱ्हाइकं पक्की असल्याशिवाय माग बांधणं परवडत नाही, असा त्यांचा हिशोब. रोज संध्याकाळी ओट्यावरनं ते भाच्याला फोन लावतात.

"आज किती?"

"सदतीस झाले, अण्णा."

"व्याही धरून?"

"धरून."

"मग छत्तीस म्हण," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.